तक्रारवही कुणाच्या हातात?



आज मी तुमच्याशी एका वहीबद्दल बोलणार आहे. तक्रारवहीबद्दल. ती कशी निवडायची हे सांगताना तुम्हाला जरा लांब, संगणकवाल्यांच्या जगात नेणार आहे. घाबरू नका. तिथेही आपल्यासारखीच माणसं आहेत आणि आपल्यासारखेच वाद आहेत.

आधी घरची गोष्ट. आमच्या ग्रामसंघाने हातपंप, रेशन, अंगणवाडी यांच्या तक्रारी वहीत लिहायला सुरुवात केली होती. मग कुणीतरी सुचवलं, मोबाइलवर फुकटचं ॲप आहे, त्यात लिहा. ॲप छान होतं. फोटो टाकता येई, तारीख आपोआप पडे. आम्ही वही कपाटात ठेवून दिली. ते ॲप उघडायचं आमच्यातल्या एका मुलीच्या नंबरवर. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, ती सासरी गेली, सिम बदललं. आणि आमच्या दोन वर्षांच्या नोंदी आम्हालाच बंद झाल्या. पुढे साहेबांनी विचारलं, "हातपंप आठ महिने बंद होता म्हणता, नोंद दाखवा." आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्यात त्या मुलीचा काय दोष? निवडताना आम्हीच विचार केला नव्हता.

माझा भाचा संगणकाचं काम करतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, ही वही निवडताना आमच्याकडे महिनोन्‌महिने वाद चालतात." त्याच्याकडून जे समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची कृती सगळ्यांना उघडी आहे असं सॉफ्टवेअर. एखादीने आपल्या मसाल्याची कृती चावडीवर लिहून ठेवावी आणि म्हणावं, करा, सुधारा, दुसऱ्यांनाही द्या. तसं. हे काम करणारे पुष्कळजण स्वयंसेवक असतात. कुणी या देशात, कुणी त्या देशात. अनेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. मग कुठे काय बिघडलंय हे सगळ्यांना कळणार कसं? त्यासाठी एक सामायिक तक्रारवही असते. तिला ते इश्यू ट्रॅकर म्हणतात. प्रत्येक तक्रारीला नंबर असतो. काय बिघडलं, कुणी सांगितलं, काम कुणी अंगावर घेतलं, मिटलं की नाही, सगळं तिथे लिहिलेलं. तक्रार मिटली तरी पान फाडत नाहीत. तोच बिघाड पुन्हा आला तर मागचं पान उघडून बघतात.

आता पायथनची गोष्ट ऐका. पायथन ही संगणकाला काम सांगण्याची भाषा. नेदरलँड्सच्या गीदो व्हान रोसम यांनी ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली. आज आपली कॉलेजातली मुलंही ती शिकतात. पायथनवाल्यांची तक्रारवही आधी सोर्सफोर्ज नावाच्या एका फुकट ठिकाणी होती. तिथली सोय पुरेनाशी झाली. तेव्हा २००६ साली त्यांच्या समितीने जाहीर बोलावणं केलं. ज्याला आपलं साधन चांगलं वाटतं त्याने ते आणावं आणि आमच्या जुन्या तक्रारी त्यात भरून दाखवाव्यात.

चार साधनं पुढे आली: जिरा, लाँचपॅड, राउंडअप आणि ट्रॅक. जिरा एका कंपनीचं, त्याची कृती बंद. पण ते फुकट मिळत होतं, शिवाय सांभाळण्याचं कामही दुसरे करणार होते. राउंडअपची कृती उघडी, आणि ते पायथनमध्येच लिहिलेलं. समितीचा कौल जिराकडे होता. बऱ्याचजणांना ते रुचलं नाही. आपण उघड्या कृतीचं काम करणारी माणसं, मग आपली वही दुसऱ्याच्या कुलपात कशाला?

समितीने त्यावर भांडण केलं नाही. सांगितलं, राउंडअप हवं ना? मग ते सांभाळायला सहा ते दहाजणांनी पुढे यावं. नाही आले तर जिरा घेऊ. माणसं पुढे आली, आणि २००७ मध्ये वही राउंडअपवर गेली.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली. "वही आपलीच हवी" म्हणायला सगळ्या असतात. ती रोज सांभाळणार कोण, हे विचारलं की बैठकीत शांतता होते. आपल्या गटात हे नेहमी बघतोच की!

पण गोष्ट इथे संपत नाही. पंधरा वर्षांनी, २०२२ साली, त्यांनी वही पुन्हा हलवली, आणि या वेळी कंपनीच्याच ठिकाणी, गिटहबवर. गिटहब मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे. पण पायथनचं काम २०१७ पासून तिथेच चाललं होतं. नवीन माणूस कामाला तिथे यायचा, आणि तक्रारीसाठी त्याला दुसरीकडे जावं लागायचं. विरोध झाला. आहे तीच वही सुधारू या, असं काहींनी रीतसर लिहून मांडलं. शेवटी हलवायचं ठरलं. पण जाताना जुन्या तक्रारी सोबत नेल्या, आणि जुनी वहीही वाचण्यासाठी उघडी ठेवली.

म्हणजे आधी चुकले आणि नंतर शहाणे झाले, असं नाही. दोन्ही वेळा त्यांनी विचारून, बोलून निवड केली. आणि दोन्ही वेळा जुनी पानं हातात होती, म्हणूनच त्यांना जागा बदलता आली.

सगळ्यांनाच असं जमलं नाही. लिनक्स नावाचं मोठं ओपन सोर्स काम आहे. तिथे कोणी काय बदल केला याची नोंद ठेवायला त्यांनी २००२ साली बिटकीपर हे एका कंपनीचं साधन घेतलं. ते फुकट मिळालं होतं. २००५ मध्ये कंपनीने ती फुकट सोय काढून घेतली. मग लिनक्सचे लिनस टोरवाल्ड्स यांना घाईघाईने स्वतःचं साधन बनवावं लागलं. त्याचं नाव गिट. ते हुशार होते, त्यांनी बनवलं. आपला ग्रामसंघ काय बनवणार होता?

अजून एक उदाहरण, डेबियनचं. हेही स्वयंसेवकांचंच काम. त्यांच्या तक्रारवहीत लिहायला खातं उघडावं लागत नाही, पासवर्ड लागत नाही. एक ईमेल पाठवला की तक्रार नोंदली जाते. दिसायला जुनाट, पण ज्याला ईमेल लिहिता येतो तो प्रत्येकजण तक्रार करू शकतो.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी तुमच्या गटाला ॲप दाखवलं तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. तीन गोष्टी विचारा. आपल्यातली जी सगळ्यात कमी शिकलेली आहे, तिची तक्रार यात कशी लिहिली जाईल? हे सांभाळणाऱ्या कोण, आणि त्या एकीपेक्षा जास्त आहेत का? आणि उद्या सोडायचं ठरलं, तर आमच्या सगळ्या नोंदी काढून देता का? तिसऱ्या प्रश्नाला "नंतर बघू" असं उत्तर आलं, तर आपणही "नंतर बघू" म्हणावं.

आम्ही आता काय करतो? तक्रार आधी वहीत, नंबर घालून. मग फोनवर. ॲप तिघींच्या नंबरवर उघडतं. महिन्याच्या बैठकीआधी सगळ्या नोंदी कागदावर छापून घेतो आणि वहीला जोडतो. गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवायला आपण कधीच शिकलो. नोंदींनाही तोच नियम लावायला आम्हाला दोन वर्षांची पानं गमवावी लागली. तुम्ही तरी गमावू नका.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या नोंदी कुठे आहेत आणि त्या कुणाच्या नंबरवर उघडतात, हे विचारा. उत्तर एकाच बाईचं नाव असेल, तर त्याच दिवशी दुसरं आणि तिसरं नाव जोडा.