खेळाडूच्या कातडीवरील उष्णता

शर्यत धांवून नुकताच थांबलेला तरुण पाहिला, कीं त्याचें अंग तापलें असेल असें आपण सहज म्हणतों. तें खरेंच असतें. तरीही धांवत असतां त्याची कातडी विश्रांतीच्या वेळेपेक्षां थंड झालेली असूं शकते. हा विरोध कसा उत्पन्न होतो, आणि तो टिपणारें जें साधन आज खेळाडूंच्या शिक्षकांच्या हातीं आलें आहे त्यावर कितपत विसंबावें, हें आज सांगावयाचें आहे.

आपल्या शरीरांतून न दिसणारे उष्णतेचे किरण सतत बाहेर पडत असतात. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यांत तांबड्या रंगाच्या पलीकडे उष्णतामापक ठेवून विल्यम हर्शेल यानें अशा किरणांचें अस्तित्व १८०० सालीं ओळखलें. त्याचा मुलगा जॉन यानें १८४० मध्यें काजळी धरलेल्या कागदावरील मद्यार्क उडूं देऊन त्यांचें ओबडधोबड चित्रही काढलें. आजचा थर्मल कॅमेरा हीच गोष्ट क्षणार्धांत करतो. गोरी असो वा सांवळी, मनुष्याची कातडी या किरणांच्या दृष्टीनें जवळजवळ काळीच. या यंत्राला वर्णभेद ठाऊक नाहीं, ही त्याची एक चांगली खोड म्हटली पाहिजे! चित्रांतील तांबडा-निळा रंग मात्र यंत्रानें आपल्या सोयीसाठीं भरलेला असतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. स्नायूंनीं खर्चिलेल्या शक्तीचा फार तर चतुर्थांश हालचालीच्या कामीं येतो; बाकीच्याची उष्णता होते. व्यायाम सुरू होतांच कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त राबणाऱ्या स्नायूंकडे वळतें. पाठोपाठ घाम येतो. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर आहारशास्त्राच्या हिशेबानें सुमारें ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. जमिनीवर गळलेला घाम कांहींच नेत नाहीं, आणि म्हणूनच मुंबईसारख्या दमट हवेंत खेळाडू भिजतो पण निवत नाहीं. इटलींतील संशोधकांनीं धांवपटूंचीं अशीं चित्रें घेऊन २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्रम वाढत गेले तसतशी कातडी थंड होत गेली, आणि धांवणें थांबल्यावर ती पुन्हां तापूं लागली.

मग या चित्राचा उपयोग कोणता? मुख्यतः तुलनेचा. निरोगी मनुष्याच्या डाव्या व उजव्या मांडींत अर्ध्या अंशाहूनही कमी फरक असतो. सरावाच्या दुसऱ्या दिवशीं एकच मांडी ठळकपणें उष्ण दिसली, तर शिक्षकानें त्या खेळाडूचे श्रम कमी करावे व वैद्याला दाखवावें. एवढ्यावरून दुखापत ठरवूं नये. टेनिसपटूचा खेळता हात मुळांतच वेगळा दिसूं शकतो, यास्तव ज्याची त्याची जुनी चित्रें जवळ हवींत. शिवाय खोलीची हवा, नुकतें झालेलें मालीश, अंगाला लावलेलें मलम, कातडीखालील चरबी, हें सारें चित्र बदलून टाकतें. म्हणूनच २०१७ सालीं तज्ज्ञांनीं चित्र घेण्यापूर्वीं पाळावयाच्या पंधरा बाबींची यादी ठरविली. घाईनें मैदानावर काढलेल्या चित्राला फारशी किंमत देऊं नये, असें माझें मत आहे.

परंतु सर्वांत मोठा धोका निराळाच. श्रमाच्या उष्माघातांत शरीराच्या आंतील तापमान ४० अंशांच्या वर जातें, खेळाडू असंबद्ध बोलूं लागतो, कोसळतो. आणि त्या वेळीं त्याची कातडी घामानें ओली व हाताला गारही लागूं शकते. कॅमेरा तिला निळी दाखवील. कातडी ही उष्णता बाहेर टाकण्याची जागा आहे. आंत किती सांठली, हें तिच्यावरून कळत नाहीं. तें कळण्यासाठीं गुदमार्गांतच तापमापक घालावा लागतो. हें संकोचाचें वाटतें, म्हणून कपाळाचें तापमान पाहून वेळ दवडली जाते. मैदानावर वैद्यकीय पथक हजर असेल, तर खेळाडूला आधीं बर्फाच्या पाण्यांत गळ्यापर्यंत बसवून गार करावें, डोकें पाण्याबाहेर धरून ठेवावें, आणि मगच रुग्णालयांत हलवावें. पाण्याचें मोठें घंगाळ वा टब शर्यत सुटण्यापूर्वींच भरून ठेवलेलें असलें पाहिजे, कारण कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आंत तो ताप उतरावा लागतो.