फोनवरून धाडाल ती माहिती पुरती असावी



पूर्वी शेतीची खबर पारावर, आठवडी बाजारात, नाहीतर पाव्हण्यारावळ्यांकडून कळायची. आता बांधावर उभं राहून माणूस फोनवर दोन ओळी लिहितो, बोंडाचा फोटो काढतो आणि घटकाभरात चार तालुक्यांत ती बातमी जाते. सोय मोठी आहे. पण लिहिलेलं तपासून बघणारं मधे कुणी नसतं, हेही ध्यानात घ्यावं.

कपाशीचंच घ्या. "अमुक औषध मारलं, बोंडअळी साफ झाली," असा निरोप येतो. वाचणारा तडक दुकान गाठतो. पण लिहिणाऱ्याची लागवड कधीची, वाण कोणतं, अळी हिरवी की गुलाबी, याचा पत्ता नाही. पंप हाताचा की इंजिनाचा, तेही नाही. आणि दोन्हींना औषधाचं प्रमाण सारखं नसतं. शिवाय गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत सहसा पोचत नाही. मग साफ झाली म्हणतात ती अळी बोंड फोडून पाहिली होती का?

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा दोन-तीन औषधं एकत्र करण्याचा नुसखा फोनवर आला, तर तो पुढे धाडू नका. डब्याबरोबरचं माहितीपत्रक वाचा. कोणतं पीक, कोणती कीड, किती प्रमाण, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे त्यात दिलेलं असतं. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असं मात्र समजू नये.

मग लिहावं काय? जे मोजलं ते. कामगंध सापळे हेक्टरी 5 लावले असतील तर रोज सकाळी पतंग मोजा आणि तारखेसह आकडा गावाच्या गटावर घाला. एका सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले, म्हणजे उपायाची वेळ आली. हा आकडा शेजाऱ्यालाही कामाचा, कारण पतंगाला बांध ठाऊक नसतो. जोडीला वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडून फोडा. बाहेरून बोंड चांगलं दिसलं तरी फसू नका. 20 पैकी 2 बोंडांत अळी निघाली तर नुकसानीची पातळी गाठली. "थोडी अळी दिसते" असं लिहिण्यापेक्षा "20 पैकी 2" लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला आपलं रान ताडून पाहता येईल.

आणि जे लागू पडलं नाही, तेही लिहा बरं का! उतारा चांगला आला की सगळे सांगतात. फवारा वाया गेला की गप्प. शेजाऱ्याचा खर्च वाचायचा तो त्यातूनच.

फोटो धाडताना बोंड फोडून, अळी दिसेल असा काढा. शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्रात जा, किंवा किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर विचारा. या फोनला पैसे पडत नाहीत.