काविळीची रक्तपरीक्षा

गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अर्जुनी मोरगांव हें तालुक्याचें ठिकाण लागतें. भोंवतालीं धानाच्या बांध्या, मोहाचीं झाडें आणि कोहळी समाजानें पूर्वीं बांधलेले तलाव. प्रसिद्ध नवेगांव बांध याच तालुक्यांत आहे. या मुलुखांत एखाद्या मुलाचे डोळे पिवळे दिसूं लागले म्हणजे घरचीं माणसें पुष्कळदां "कावीळ झाली" एवढेंच म्हणून झाडपाला देणाऱ्याकडे जातात. शहरांतील सुशिक्षित गृहस्थ तसें करीत नाहीं. तो रक्त तपासून घेतो, कागदावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहून घाबरतो आणि तोच आकडा पुढच्या आठवड्यांत उतरला म्हणजे निर्धास्त होतो. पहिल्याजवळ कागद नसतो, दुसऱ्यास तो वाचतां येत नाहीं. नुकसान मात्र कित्येकदां दोघांचें सारखेंच होतें.

कावीळ हें रोगाचें नांव नव्हे, रंगाचें आहे. रक्तांतील तांबड्या पेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. त्या मोडल्या कीं त्यांतील रंगद्रव्यापासून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य तयार होतें. तें पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून रक्तांतील अल्ब्युमिन त्यास यकृतापर्यंत वाहून नेतें. यकृत त्याला विद्राव्य रूप देतें आणि पित्तावाटे आंतड्यांत सोडतें. या व्यवस्थेंत तीन ठिकाणीं बिघाड होऊं शकतो. माल फाजील येतो, कारखाना नादुरुस्त होतो, किंवा माल बाहेर जाण्याची वाट बुजते. डोळे तिन्ही प्रकारांत पिवळेच.

हा भेद ओळखण्याची एक रीत १९१६ मध्यें हायमान्स व्हान डेन बर्ग या डच वैद्यानें दाखविली. रसायन घालतांच रंग देणारें बिलिरुबिन तें 'डायरेक्ट' आणि अल्कोहोल मिसळल्यावर रंग देणारें तें 'इन्डायरेक्ट'. आजच्या कागदावरील हे दोन शब्द त्याच प्रयोगांतले आहेत. पहिलें यकृतानें विद्राव्य केलेलें, दुसरें अद्याप तसें न झालेलें. लघवींत पहिलेंच उतरतें; म्हणून लघवी गडद चहासारखी झाली कीं नाहीं, हा डॉक्टरांचा साधा प्रश्न अर्धी परीक्षाच असतो.

आतां समजा, अर्जुनीच्या बाजूच्या दहा वर्षांच्या मुलाचा कागद समोर आहे. एकूण बिलिरुबिन ३.८, त्यांत डायरेक्ट अवघें ०.५, एस.जी.पी.टी. २४, एस.जी.ओ.टी. ५८, हिमोग्लोबिन ७.५. निरोगी माणसाचें एकूण बिलिरुबिन साधारण १ च्या आसपास असतें. तेव्हां कावीळ खरी; पण एस.जी.पी.टी. ठीक आहे आणि वाढलेलें बहुतेक सर्व बिलिरुबिन इन्डायरेक्ट आहे. कारखाना चालू आहे, माल फाजील येत आहे. तांबड्या पेशी वेळेपूर्वीं मोडत आहेत आणि एस.जी.ओ.टी. त्या पेशींतही असल्यामुळें तेंही थोडें चढलें आहे. यकृताचें औषध या मुलास देऊन काय होणार! ताप असेल तर प्रथम हिंवतापाचे जंतू पाहावे लागतात, कारण तो रोगही पेशी मोडतो. तो नसेल तर पूर्व विदर्भांत दुसरा संशय सिकल सेलचा. त्यांत पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि १० ते २० दिवसांत मोडतात.

हिंदुस्थानांत हा दोष १९५२ मध्यें नीलगिरींत आढळल्याचें प्रसिद्ध झालें, आणि नागपूरकडील शुक्ल व सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्यें 'लॅन्सेट' पत्रांत आला. म्हणजे विदर्भाला ही ओळख नवी नाहीं. विद्राव्यतेची स्वस्त चांचणी आणि नंतर इलेक्ट्रोफोरेसिस, एवढ्यानें निदान होतें. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास पूर्ण रोग होण्याचा संभव चारांत एक. म्हणून मुलाच्या कागदाबरोबर भावंडांचें रक्तही पाहिलें पाहिजे. सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली, तिचा भर अशा तपासणीवरच आहे.

गंमत अशी कीं याच मुलाचा कागद कांहीं वर्षांनीं उलट बोलूं शकतो. सतत फाजील बिलिरुबिन आल्यानें पित्ताशयांत काळे खडे होतात. एखादा खडा वाटेंत अडकला कीं डायरेक्ट बिलिरुबिन चढतें, अल्कलाइन फॉस्फटेज व जी.जी.टी. हे आकडे वाढतात, मळ फिका होतो. "याची कावीळ नेहमींचीच" म्हणून घरच्यांनीं तेव्हां स्वस्थ बसणें धोक्याचें. मात्र अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही येतें. वाढत्या वयाच्या मुलांत तें एकटेंच अधिक दिसल्यास पालकांनीं भिऊं नये.

एस.जी.ओ.टी. व एस.जी.पी.टी. या दोन आकड्यांचा दरारा फार. वास्तविक पहिल्याचा उपयोग न्यूयॉर्कच्या संशोधकांनीं १९५४ मध्यें हृदयविकाराच्या झटक्यासाठीं दाखविला. यकृताची पाळी त्यामागून आली. तें द्रव्य स्नायूंतही आहे, म्हणून भारी अंगमेहनतीनंतर तें वाढलेलें सांपडतें. हे आकडे यकृताचें काम मोजीत नाहींत. यकृताच्या पेशी फुटून किती द्रव्य रक्तांत गळलें, तें दाखवितात. मद्यप्याच्या यकृतांत एस.जी.ओ.टी. दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असतें, पण दोन्ही बहुधा ३०० च्या आंतच. मोहाची असो वा विलायती, यकृताला तो भेद कळत नाहीं. नवरात्राच्या उपवासांत एखाद्या तरुणाचें फक्त इन्डायरेक्ट बिलिरुबिन थोडें वाढतें आणि बाकी सर्व ठीक असतें. फ्रेंच वैद्य झिल्बेर याच्या नांवानें ओळखला जाणारा हा जन्मजात स्वभाव निरुपद्रवी आहे.

विषाणूच्या काविळींत मात्र हेच आकडे हजारांत जातात. दिल्लींत १९५५ अखेर यमुनेच्या पाण्यांत मैला शिरून सुमारें २९,००० लोकांना कावीळ झाली; ती ई प्रकारची होती हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. महाराष्ट्रांत इचलकरंजीनें २०१२ च्या उन्हाळ्यांत तोच अनुभव घेतला. अ आणि ई या पाण्यांतून येणाऱ्या काविळी बहुतेकांच्या आपोआप बऱ्या होतात आणि श्रेय शेवटच्या दिवशीं घेतलेल्या झाडपाल्यास मिळतें. बी प्रकाराचें तसें नाहीं. तो वर्षानुवर्षें रक्तांत राहूं शकतो आणि त्या काळांत दोन्ही आकडे सरळ दिसूं शकतात. त्याला वेगळीच परीक्षा लागते.

आकडे उतरले म्हणजे रोग उतरला, ही समजूत सर्वांत घातक. विषाणूच्या तीव्र काविळींत एस.जी.पी.टी. २,००० वरून ३०० वर येतें याचे दोन अर्थ संभवतात. यकृत सुधारत असेल. किंवा फुटण्यास पेशीच फारशा उरल्या नसतील. दोहोंतला फरक दुसऱ्या ओळींत सांपडतो. बिलिरुबिन चढतच आहे काय? प्रोथ्रॉम्बिन टाइम, ज्याचा आकडा आय.एन.आर. म्हणून छापतात, तो लांबतो आहे काय? रक्त गोठविणारीं बहुतेक द्रव्यें यकृत स्वतः बनवितें आणि त्यांतलीं कांहीं कांहीं तासांतच संपतात; त्यामुळें कारखाना बंद पडल्याची वर्दी येथें लवकर येते. अल्ब्युमिनही यकृतच बनवितें, पण त्याचा सांठा उतरण्यास आठवडे लागतात. तीव्र रोगांत तें ठीक दिसलें तरी धीर धरण्याजोगें कांहीं नसतें. जुनाट रोगांत मात्र तोच आकडा बोलका होतो.

हें सर्वांत अधिक लागू पडतें तें गरोदर स्त्रीस. ई प्रकारची कावीळ इतरांस सौम्य असली तरी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती प्राण घेऊं शकते. अशा स्त्रीचा आय.एन.आर. १.५ च्या वर गेला, तिला दिवसा झोंप अनावर होऊं लागली किंवा ती असंबद्ध बोलूं लागली, तर एस.जी.पी.टी. कालच्यापेक्षां कमी आहे हें पाहून समाधान मानूं नये. अर्जुनी मोरगांवहून गोंदियाच्या मोठ्या रुग्णालयाकडे तिला नेण्यास त्याच दिवशीं निघावें, आणि बरोबर आधींचे सगळे कागद तारीखवार लावून घ्यावे.