द्राक्षमळ्यातील चित्रशाळा



ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातून मोटारीने ईशान्येच्या दिशेने निघाले, की तासाभरात उपनगरांतील घरे विरळ होत जातात आणि यारा नदीचे खोरे दृष्टीस पडते. दोन्ही अंगांना निळसर डोंगर, मधून संथ वळणे घेत जाणारी नदी आणि उतारांवर तारांच्या आधाराने ओळीने उभ्या केलेल्या द्राक्षवेली, असे हे दृश्य आहे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे तेथील उन्हाळा डिसेंबरात सुरू होतो आणि द्राक्षांची तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चालते. नाशिककडच्या बागांतही घड उतरविण्याची धांदल जवळपास याच दिवसांत असते, हा मोठा मौजेचा योगायोग होय. तोडणी संपली की तेथील वेली पिवळ्या-तांबूस होतात आणि सारे खोरे जणू गेरूने सारवल्यासारखे दिसू लागते.

हे खोरे वाईनसाठी जगप्रसिद्ध आहे. १८३८ साली रायरी बंधूंनी येरिंग येथे पहिल्या वेली लावल्या. पुढे द कास्तेला, द प्युरी अशी स्विस कुटुंबे येथे स्थायिक झाली व त्यांनी या लागवडीला उर्जितावस्था आणली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात येरिंगच्या वाईनला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा धंदा बसला आणि वेलींच्या जागी दुभत्या गायींची कुरणे आली. १९६० नंतर पुन्हा लागवड सुरू झाली. २००६ साली मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा या किडीने या खोऱ्यात प्रवेश केला. पाहुण्यांच्या पादत्राणांना चिकटलेल्या मातीतूनही ही कीड पसरते. म्हणून कितीही मोह झाला, तरी वेलींच्या रांगांत शिरावयाचे नाही, हा तेथील पहिला शिष्टाचार आहे.

या द्राक्षमळ्यांच्या मध्यभागी, हील्सव्हिल गावाजवळच्या एका टेकाडावर, आधुनिक व समकालीन कलेचे एक संग्रहालय उभे आहे. त्याचे नाव टॅरावॉरा. या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे वुरुंजेरी लोकांच्या, वोइवुरुंग भाषेतील हा शब्द असून ‘संथ वाहणारे पाणी’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

मातीच्या भिंती

वास्तुशिल्पकार ॲलन पॉवेल यांनी या इमारतीची रचना केली व २००३ साली ती लोकांसाठी खुली झाली. तिच्या भिंती ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या आहेत. साच्यात ओलसर माती थराथराने भरावयाची आणि ती धुमसून पक्की करावयाची, ही पद्धत आपल्या खेड्यापाड्यांतील जुन्या जाणत्यांना अपरिचित वाटणार नाही. त्यामुळे इतकी मोठी वास्तू असूनही ती टेकाडावर आणून ठेवल्यासारखी दिसत नाही. टेकाडातूनच वर आल्यासारखी दिसते.

आत दालनांमागून दालने पाहत गेल्यावर एका ठिकाणी चित्राऐवजी मोठी खिडकी लागते. तिच्यातून द्राक्षवेलींच्या रांगा व पलीकडचे डोंगर दिसतात. प्रेक्षक क्षणभर थांबतो. आतापर्यंत तो रंगविलेला निसर्ग पाहत होता. आता खरा निसर्ग चौकटीत बसवून त्याच्यापुढे ठेवला आहे. खिडकीपासून परत चित्राकडे वळताना त्याची नजर थोडी बदललेली असते. संग्रहालय शहराबाहेर का बांधावे, या प्रश्नाचे उत्तर या एका खिडकीत मिळते. शेजारच्या मद्यशाळेकडे न वळताही येथील दिवस सार्थकी लागतो, हेही येथे नमूद करावयास हवे.

दाम्पत्याचे दान

हे संग्रहालय मार्क व ईव्हा बेसन या दाम्पत्याच्या दानातून उभे राहिले. मार्क बेसन दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून ऑस्ट्रेलियात आले. स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या दुकानांचा व्यवसाय या कुटुंबाने वाढविला आणि १९५० नंतरच्या दशकांत पती-पत्नींनी चित्रे जमविण्यास प्रारंभ केला. त्या वेळी ज्यांचे नाव होऊ लागले होते, अशा आपल्याच देशातील चित्रकारांची कामे ते घेत राहिले. १९८३ साली त्यांनी यारा खोऱ्यात द्राक्षांची लागवड केली आणि पुढे आपल्या संग्रहातील पाचशेहून अधिक कलाकृती, त्यांच्यासाठी बांधलेल्या इमारतीसह, सार्वजनिक संस्थेच्या स्वाधीन केल्या. ईव्हा बेसन २०२१ साली निवर्तल्या. मार्क बेसन यांचे निधन २०२३ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर झाले.

घराच्या दिवाणखान्यात टांगलेले चित्र कितीही मोलाचे असले, तरी ते पाहुण्यारावळ्यांपुरतेच असते. तेच चित्र संग्रहालयात आले की शाळेतील मूल, सुट्टीवर आलेला कामगार आणि वाट चुकलेला प्रवासी, या सर्वांचा त्याच्यावर सारखाच हक्क निर्माण होतो. मात्र येथेही एक अडचण उरतेच. कोणत्याही संग्रहालयाच्या भिंतींवर संग्रहाचा लहानसा भाग मावतो आणि बाकीचा कोठारात कुलूपबंद राहतो. टॅरावॉरा येथे यावर उपाय योजण्यात आला आहे. संग्रहालयाला जोडून, कर्स्टिन टॉम्पसन यांच्या वास्तुसंस्थेने रचना केलेले नवे केंद्र २०२५ साली सुरू झाले. बेसन दाम्पत्याचेच नाव दिलेल्या या केंद्रात कलाकृतींचे कोठारच प्रेक्षकांना पाहता येईल असे ठेवले आहे. दान दिलेली वस्तू दृष्टिआड होऊ नये, हा यामागील विचार होय.

‘हे चित्र कशाचे?’

नवी कला पाहावयास गेलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. हे चित्र कशाचे आहे? या प्रश्नात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उत्तर शोधण्यास थोडा वेळ मात्र द्यावा लागतो.

फ्रेड विल्यम्स यांची निसर्गचित्रे पाहावीत. पहिल्या दृष्टिक्षेपात मातकट पार्श्वभूमीवर रंगाचे काही ठिपके व फटकारे दिसतात, झाड असे दिसतच नाही. पण ऑस्ट्रेलियातील विरळ रान उंचावरून पाहिलेल्या माणसाला ते ठिपके चटकन ओळखीचे वाटतात. मोठा देश, थोडी झाडे आणि पुष्कळ मोकळी जमीन, हेच त्या चित्राचे सांगणे असते. रोझली गॅस्कॉइन या कलावतीचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा १९७४ साल उजाडले होते आणि त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. माळावर पडलेल्या लाकडी खोक्यांच्या फळ्या आणि रस्त्यावरच्या टाकाऊ पाट्या गोळा करून, कापून, जुळवून त्यांनी आपल्या कलाकृती घडविल्या. त्यांच्यापुढे उभे राहिले की उन्हाने विटलेल्या गवताळ माळाची आठवण होते. टाकून दिलेल्या वस्तूंतून एवढे रूप निघू शकते, हे पाहून गृहिणींना व कारागिरांना विशेष आनंद व्हावा.

२०२० साली येथे जूडी वॉटसन व योनी स्कार्स या दोन आदिवासी कलावतींचे प्रदर्शन भरविण्यात आले होते. योनी स्कार्स यांनी फुंकून घडविलेले काचेचे कंद त्यात होते. असे शेकडो कंद छतापासून अधांतरी टांगलेले पाहून प्रेक्षक प्रथम त्यांच्या सौंदर्याने मोहून जातो. मग त्याला संदर्भ कळतो. १९५६ ते १९६३ या काळात ब्रिटनने दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारालिंगा येथे अणुचाचण्या केल्या. त्या स्फोटांच्या उष्णतेने तेथील वाळूची काच झाली आणि आदिवासींच्या भूमीत विष कालविले गेले. तो टांगता समूह स्फोटाच्या ढगाची आठवण देतो आणि कंद म्हणजे त्या लोकांचे परंपरागत अन्न. हे कळल्यानंतर तीच काच निराळी दिसू लागते.

कोरांडर्कचा चित्रकार

या प्रदर्शनातून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाने आणखी थोडे अंतर चालून जावे. टॅरावॉरापासून काही किलोमीटरवर कोरांडर्क नावाची जागा आहे. आपल्या भूमीवरून हुसकावल्या गेलेल्या कुलिन लोकांनी सायमन वोंगा व विल्यम बराक यांच्या नेतृत्वाखाली १८६३ साली येथे वसाहत केली. त्यांनी जमीन नांगरली, घरे बांधली, बियरच्या उत्पादनाला लागणाऱ्या हॉप्सचे पीक काढले. जमीन सुपीक निघाली आणि शेजाऱ्यांचे लक्ष तिच्याकडे गेले. ही वसाहत मोडून टाकावी, अशी मागणी पुढे आली. तेव्हा बराक व त्यांचे सहकारी साठ किलोमीटरांच्या आसपासची वाट पायी तुडवून मेलबर्नला गेले आणि त्यांनी राज्यकर्त्यांपुढे आपली गाऱ्हाणी मांडली. १८८१ साली चौकशी झाली. पण १८८६ च्या कायद्याने मिश्र वंशाच्या तरुण स्त्री-पुरुषांना वसाहतीबाहेर घालविले, १८९३ साली निम्मी जमीन काढून घेण्यात आली आणि १९२४ साली वसाहत बंद झाली.

हेच विल्यम बराक चित्रकार होते. गेरू, कोळसा व जलरंग वापरून त्यांनी आपल्या लोकांचे नृत्यसमारंभ कागदावर रेखाटले. पॉसम या प्राण्याच्या नक्षीदार कातड्याची पांघरुणे ल्यालेली माणसे त्यांच्या चित्रांत ओळीने उभी असतात. वसाहतीत जे समारंभ करू दिले जात नव्हते, ते त्यांनी चित्रात जिवंत ठेवले. १९०३ साली त्यांचे निधन झाले.

१८९७ च्या सुमारास बराक यांनी आपले एक चित्र व कोरलेली ढाल द प्युरी कुटुंबाला दिली. याच खोऱ्यातील द्राक्षमळेवाल्यांचे हे कुटुंब होय. या दोन्ही वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वंशजांकडे राहिल्या आणि २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये लिलावाला निघाल्या. वुरुंजेरी लोकांनी वर्गणी जमविण्यास सुरुवात केली. रक्कम अपुरी पडते असे दिसताच, अखेरच्या घटकेला, व्हिक्टोरिया राज्य शासनाने पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा भार उचलला. चित्र व ढाल आपल्या भूमीवर परत आली. बराक यांच्या हातची रेषा पाहण्यासाठी त्यांच्या वंशजांना सातासमुद्रांपलीकडे जाण्याची आता गरज उरली नाही. कोरांडर्कच्या जमिनीचा काही भागही १९९८ नंतर मूळ लोकांच्या संस्थेकडे आला आहे.

कला लोकांची केव्हा होते?

एकाच खोऱ्यातील या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या, तर कलासंग्रहाविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. कला लोकांची होण्यास दोन्ही वाटा लागतात. ज्याच्याजवळ संग्रह आहे त्याने तो खुला करावा, ही एक वाट. ज्यांच्यापासून काही दुरावले आहे, त्यांना ते परत मिळावे, ही दुसरी. पहिलीसाठी दात्याचे औदार्य लागते आणि दुसरीसाठी समाजाची न्यायबुद्धी.

पहिली वाट महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली खेड्याशेजारच्या डोंगरावर चित्रसंग्रहालय उभारले. पुण्याच्या दिनकर केळकरांनी पत्नीच्या साथीने जन्मभर वेचलेल्या वस्तू १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केल्या. अशा घरच्या संग्रहालयांत पाऊल टाकतानाही यारा खोऱ्यातील हा धडा उपयोगी पडेल. समोरची वस्तू सुंदर आहे, हे पाहावेच. पण ती कोणी घडविली, कोणाकडून येथे आली आणि आज ती कोणाकोणाला पाहता येते, हेही विचारावे.

टॅरावॉराच्या खिडकीतून दिसणारे डोंगर विल्यम बराक यांनीही पाहिलेले होते. ही जाणीव घेऊन जो प्रेक्षक त्या खिडकीपाशी उभा राहतो, त्याला द्राक्षवेलींच्या रांगांपलीकडचे बरेच काही दिसू शकते.