फायदा झाला, मग पैसे कुठे गेले?

ताइफहून तुमच्याशी बोलतोय. आमचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर. मार्च-एप्रिल आला की अल् हदा आणि शफाच्या डोंगरांवर गुलाबाचा हंगाम सुरू होतो. पहाटे फुलं खुडायची, लगेच भट्टीवर चढवायची. हंगाम जेमतेम दीड महिन्याचा. अत्तर मात्र वर्षभर विकलं जातं, तेही आपल्या सोन्यासारखं तोळ्यावर. म्हणजे मजुरी आणि जळण यांचा खर्च आज, आणि पैसे येणार सावकाश, वर्षभर. आजचा विषय नेमका हाच आहे. तुमच्या घरात कोणी बी.कॉम. किंवा बी.बी.ए. करत असेल तर त्यांनाही जवळ बोलवा.

मी अर्थतज्ज्ञ नाही. इथल्या एका रुग्णालयात यंत्रांची देखभाल करतो. पण अर्थशास्त्राचा एक धडा मी दोन वर्षांचा अबोला धरून शिकलोय, तो सांगतो.

माझं गाव तासगाव तालुक्यात. धाकट्या भावाने बेदाण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा मी त्याला दहा लाख रुपये दिले. त्याने स्वतःचे पंधरा घातले. दिवाळीला फोन केला तर म्हणाला, "दादा, फायदा झालाय, पण पैसं सुटलं न्हाईत." मला ते पटेना. फायदा झाला तर पैसे गेले कुठे? मी नको ते बोललो, त्याने फोन ठेवला. पुढे दोन वर्षं आईच्या तब्येतीची चौकशीसुद्धा भावजयीमार्फत व्हायची.

मग मुलगी सुट्टीला इथे आली. ती पुण्यात बी.बी.ए. करते. तिने विचारलं, "बाबा, काकांचा हिशेब तुम्ही कधी बघितलात का?" मी बघितलाच नव्हता. तिने काकाकडून वहीचे फोटो मागवले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला समोर बसवलं.

पंचवीस लाखांपैकी आठ लाख शेडमध्ये गेले होते. लोखंड, पत्रे, जाळ्या. हे स्थिर भांडवल. उरलेले सतरा लाख द्राक्षं, मजुरी, खोकी आणि कोल्ड स्टोअरेजचं भाडं यात. हे खेळतं भांडवल. मार्चमध्ये द्राक्षं घेतली, जाळीवर वाळवली, माल कोल्ड स्टोअरेजला ठेवला आणि भाव बघत दिवाळीपर्यंत सौद्यात थोडा थोडा विकला. विक्री झाली वीस लाखांची. वीसातून सतरा गेले, राहिले तीन. शेड दहा वर्षं टिकेल असं धरलं तर तिचा वर्षाचा घसारा ऐंशी हजार. तोही वजा केला. नफा दोन लाख वीस हजार. भाऊ खरंच बोलत होता.

"मग रोख?" मी विचारलं. वीस लाखांपैकी हातात आले होते नऊच. अकरा लाख व्यापाऱ्यांकडे येणे होते. आणि ते नऊ लाख तर ऑक्टोबर छाटणी, औषधं आणि मजुरीत परत बागेत गेले होते. वहीत नफा, खिसा रिकामा. मुलगी म्हणाली, "बाबा, नफा म्हणजे मत, रोख म्हणजे वस्तुस्थिती. आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात." द्राक्षाला दिलेला रुपया बेदाणा होऊन परत खिशात येईपर्यंत आठ-नऊ महिने जातात. हे चक्र जितकं लांब, तितके जास्त पैसे त्यात अडकून पडतात. चांगले चालणारे धंदेही इथेच बुडतात. त्यांना तोटा झालेला नसतो, फक्त देणं द्यायच्या दिवशी हातात रोख नसते.

माझी छाती जरा फुगली. म्हटलं, म्हणजे धंदा चांगलाच आहे की! तिने पुढचा प्रश्न टाकला. पंचवीस लाखांवर दोन लाख वीस हजार म्हणजे 8.8 टक्के. बँकेत ठेवले असते तर समजा सात टक्के मिळाले असते. म्हणजे अवकाळी पाऊस, पडता भाव, बुडणारी उधारी, एवढा सगळा धोका पत्करून वर मिळाले पावणेदोन टक्के. बँकेतल्या त्या सात टक्क्यांना संधीखर्च म्हणतात. पैसा एका ठिकाणी गुंतवला की दुसरीकडचं उत्पन्न सोडावं लागतं, ते खर्चातच धरायचं.

काळाचंही तसंच. सात टक्के धरले तर तीन वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत सुमारे 81,600 रुपये. आणि एक सोपी युक्ती: 72 ला व्याजदराने भागा, रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं. सात टक्क्यांनी दहा वर्षं. कोणी तीन वर्षांत दुप्पट म्हणाला, तर तो वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास कबूल करतोय. कशाच्या जोरावर, ते विचारा.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. "बाबा, ते दहा लाख कर्ज होतं की भाग?" कर्ज असेल तर फायदा होवो न होवो, ठरलेलं व्याज आणि हप्ता मिळायला हवा. भाग असेल तर सगळ्यांची देणी भागल्यावर उरेल त्यातला वाटा, आणि तोट्यातही वाटा. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950-51 मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. तिथे शेतकऱ्याने दिलेला पैसा भागभांडवल होता. तो शेतकरी सभासद, म्हणजे मालक, आणि त्याला एक मत. कारखान्याने काढलेलं कर्ज वेगळं, त्याच्या अटी वेगळ्या. आमच्यात कागदच नव्हता. मी मनात कर्ज धरलं होतं, भावाने भाग. भांडण त्याचंच होतं.

हे आज सांगतोय, कारण आपल्यातले बरेच जण परतीच्या वाटेवर आहेत. सौदी कामगार कायद्याने नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांचा दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा एक महिन्याचा पगार धरतात. वीस वर्षं झाली तर साडेसतरा पगार. गावाकडून फोन येतीलच. नाही म्हणायलाच हवं असं नाही. पण पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. रोख परत कधी येणार? बँकेपेक्षा जास्त किती मिळणार आणि कोणत्या धोक्यावर? हे कर्ज की भाग? उत्तरं कागदावर घ्या, सख्खा भाऊ असला तरी. सख्खा असेल तर नक्कीच घ्या.

आमचं काय झालं? मीच फोन केला. दहा लाखांचा भाग लिहून घेतला. या वर्षी भावाने कोल्ड स्टोअरेजच्या पावतीवर बँकेकडून मालतारण कर्ज काढलं, त्यामुळे छाटणीच्या वेळी हात अडकले नाहीत. व्याज पडतं, पण माल पडत्या भावात विकावा लागला नाही. गेल्या महिन्यात सुट्टीहून परतणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर त्याने पाच किलो बेदाणा पाठवला. सोबत चिठ्ठी होती: "दादा, हा हिशेबात धरू नको."