माळवदाखालचा स्टुडिओ

आम्ही सेलूहून बोलतोय. आमच्या बचतगटातल्या काही जणी मिळून जात्यावरच्या ओव्या, पाळणे, पंचमीची गाणी आणि भजनं रेकॉर्ड करतो. त्यासाठी आमच्याकडे एक जुनी खोली आहे. दगडमातीच्या हातभर जाडीच्या भिंती, वर माळवद, एक दार आणि एक झरोका. बाहेरून बघणाऱ्याला ती धान्याची खोली वाटते. आम्ही तिला स्टुडिओ म्हणतो. हा स्टुडिओ कसा चालतो ते आज सांगायचं आहे, कारण अशी एखादी जुनी वास्तू तुमच्याही गावात असेल आणि ओव्या येणारी एखादी म्हातारीही असेल. दोघींच्याही हातात फार दिवस नाहीत.

स्टुडिओ म्हटलं की काचेची खोली आणि महागडी यंत्रं डोळ्यांपुढे येतात. पण जगातले दोन फार नावाजलेले स्टुडिओ जुन्या चर्चमध्ये उभे राहिले. एक न्यूयॉर्कमधला. तिथे तिसाव्या रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चमध्ये कोलंबिया कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस रेकॉर्डिंग सुरू केलं. माइल्स डेव्हिस या तुतारीवादकाची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही गाजलेली तबकडी १९५९ मध्ये तिथेच झाली. त्या खोलीचा नाद इतका चांगला होता की तिला हात लावायला मनाई होती. भिंतीला नवा रंग नाही, लाकडी जमीन घासायची नाही, पडदे बदलायचे नाहीत. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो स्टुडिओ बंद पडला, वास्तू पाडली आणि त्या जागी राहण्याची इमारत झाली. आवाज तबकड्यांत राहिला, खोली गेली.

दुसरा लंडनचा. १८८० च्या दशकात बांधलेलं हे सहाकोनी चर्च. ‘बीटल्स’ या गाणाऱ्या मंडळींच्या तबकड्या करणारे जॉर्ज मार्टिन यांनी १९९२ मध्ये तिथे आपला एअर स्टुडिओ सुरू केला. शंभर वादक एकत्र बसू शकतील एवढा तो दिवाणखाना. वर मोठं छत टांगलेलं आहे, ते खालीवर करून घुमारा कमीजास्त करता येतो. भिंती जुन्या तशाच ठेवल्या आणि आतलं काम बदललं, म्हणून ती वास्तू टिकली.

आता चर्चच का, ते बघा. उंच छत आणि दगडी भिंती. तिथे आवाज वर जातो, फिरतो आणि जरा उशिरा परत येतो. पुष्कळ वाद्यं एकदम वाजत असतील तर तो घुमारा गोड लागतो. आपल्याकडे देवळाच्या दगडी सभामंडपात टाळमृदंगाचं भजन रंगतं ते यामुळेच. पण एकटी म्हातारी हळू आवाजात ओवी म्हणत असेल तर त्याच घुमाऱ्यात तिचे शब्द एकमेकांत मिसळतात. ओवीत तर शब्दालाच मोल. त्यासाठी आपली मातीची भिंत बरी, कारण माती आवाज गिळते.

खोली पारखायची तर मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळी मागे रेंगाळली तर भजनाला जागा चांगली. टाळी तिथेच थांबली तर ओवीला चांगली. टाळी टणटण वाजली, तर भिंतींवर दोन वाकळी टांगा, खाली सतरंजी टाका आणि पुन्हा वाजवून बघा. वाकळीसारखी स्वस्त वस्तू दुसरी नाही.

पत्र्याच्या घरात हे काम होत नाही, हे अनुभवाने सांगतो. उन्हात पत्रा तडतडतो आणि पावसात तर बोलणंही ऐकू येत नाही. माळवदाखाली पाऊस पडत असला तरी आत शांत असतं. मात्र माळवदाची निगा राखावी लागते. पावसाळ्यापूर्वी वर पांढरी माती टाकून दाबायची, उगवलेलं गवत काढायचं आणि पन्हाळ मोकळी ठेवायची. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल अडकते, भिंत फुगते आणि आवाजही कडक होतो. शेणामातीचा पोतेरा पुरे.

रेकॉर्डिंगची वेळ आम्ही दुपारची धरतो. सकाळी बायांना काम असतं आणि संध्याकाळी चूल. आमच्या सेलूवरून मनमाड–परभणी मार्गाच्या गाड्या जातात, त्यामुळे गाड्यांच्या वेळा आम्ही दारामागे लिहून ठेवल्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाला बोलवत नाही, तेव्हा बाईची दुपारही तिची नसते.

यंत्र म्हणजे साधा मोबाइल. तो विमान मोडवर टाकायचा, पंखा बंद करायचा आणि मोबाइल घडी केलेल्या धडप्यावर, तोंडापासून दोन विती लांब ठेवायचा. काचेच्या बांगड्या फार वाजतात. त्या काढायला सांगू नका, काही जणींना ते रुचत नाही. कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधा. जातं लावायचं असेल तर खाली पोतं घाला आणि मोबाइल जमिनीवर न ठेवता तुळईला टांगा, नाहीतर घरघर तेवढी येते, ओवी येत नाही. जात्यात खरी ज्वारी टाका. रिकामं जातं फिरवलं तर दगडाला दगड घासतो, आणि म्हातारीला ओवीही आठवत नाही. हात दळायला लागला की ओठ हलतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं आहे.

हे काम करणाऱ्या आपण पहिल्या नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून, तीन हजारांवर बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्या संग्रहात आहे. आज ‘परी’ या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक ओव्या कुणालाही ऐकता येतात. त्यातली आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं.

नावाचं मोल मोठं आहे. गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्याची. दळणकांडण करणारी बाई, पण अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालते, म्हणून सातशे वर्षांनंतरही तो अभंग कुणाचा ते आपल्याला कळतं. १९०२ साली कलकत्त्याला हॉटेलच्या खोलीत गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा गाणं संपताच त्यांनी स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं. आमच्याकडेही प्रत्येक बाई आधी नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकली ते सांगते. काहींच्या तोंडून स्वतःचं नाव येता येत नाही. अमक्याची आई, तमक्याची सून एवढंच येतं. आम्ही थांबतो. चहा होतो. मग नाव येतं.

आता जपून करायची गोष्ट. ओवीत सासरचा जाच असतो, भावाने टाकल्याचं दुःख असतं. एका आजीने तासभर ओव्या सांगितल्या आणि शेवटी म्हणाली, “बायांनो, यातल्या चार रेडिओवर लावू नका. लेकाला लागतील.” आम्ही विचारलं, पुसून टाकू का? ती म्हणाली, “पुसू नका. मी गेल्यावर नातीला ऐकवा.” त्या चार ओव्या आमच्याकडे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. ती नात आता शाळेत आहे.

तेव्हापासून आम्ही प्रत्येकीला तीन प्रश्न विचारतो. रेडिओवर लावायचं का? नाव सांगायचं का? कुठली ओवी घरातच ठेवायची? उत्तर वहीत लिहितो, तिला वाचून दाखवतो आणि सही किंवा अंगठा घेतो. हा नुसता शिष्टाचार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना हक्क मिळाला. तुमच्या संमतीशिवाय तुमचं गाणं कुणी रेकॉर्ड करून विकू शकत नाही. कुणी मोबाइल पुढे धरला तर “कशासाठी?” हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

खर्चाचं म्हणाल तर भजनी मंडळांकडून आम्ही थोडे पैसे घेतो. त्यातून वीज, माती आणि मेमरी कार्ड निघतं. ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांकडून काही घेत नाही, उलट येण्याजाण्याचं भाडं देतो. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. मोबाइल पाण्यात पडतो, कार्ड हरवतं.

यंत्र आपल्याला जमेल का, असं वाटत असेल तर सीमेपलीकडे बघा. तेलंगणात जहीराबादजवळच्या माचनूरला दलित शेतकरी बाया २००८ पासून स्वतःचं संगम रेडिओ केंद्र चालवतात.

तर या आठवड्यात गटाच्या बैठकीत दोनच कामं करा. गावात ओव्या येणाऱ्या बाया किती, त्यांची नावं वहीत लिहा. आणि एखाद्या जुन्या खोलीत जाऊन टाळी वाजवा. वयाने सगळ्यात मोठी असेल तिच्यापासून सुरुवात करा. दिवाळीपर्यंत थांबू नका.

राम राम.