मधला अंक नेहमी नऊच का?



मघाशी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला गाठलं. "तू सॉफ्टवेअरवाली ना, मग सांग. मोबाईलने फोटो काढला की गणित सुटतं, तर आमच्या पोरांनी वह्या कशाला भरायच्या?" मला विषय दिलेला नव्हताच, तेव्हा यावरच बोलते.

बुवापाड्यातून निघून अंबरनाथला आपण जी लोकल पकडायचो, त्याच लाइनवरची एक गोष्ट. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज फर्ग्युसन. १२१, १२३२१ अशा संख्यांचा अभ्यास करावा हे त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचलं, म्हणून त्यांचं नाव 'डेम्लो संख्या'. आपल्याला त्या स्टेशनात चौथ्या सीटपलीकडे काही सुचलं नाही!

त्यांचाच एक खेळ, आधी तीन अंकांत. जेवणाच्या कुपनामागे तीन अंकी संख्या लिहा, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२ घेतली तर ५३२ − २३५ = २९७. मग ९७२ − २७९ = ६९३, पुढे ५९४, पुढे ४९५. आणि ४९५ तिथून हलत नाही.

लॅपटॉप सगळ्या तीन अंकी संख्या क्षणात तपासतो आणि सांगतो, सगळ्या ४९५ वर येतात. का येतात, ते सांगत नाही. त्यासाठी शाळेतलं बीजगणित काढावं लागतं. मोठ्यापासून अंक अ, ब, क धरा. १००अ + १०ब + क मधून १००क + १०ब + अ वजा करा. ब उडाला! उरलं ९९(अ − क). म्हणजे पहिल्याच वजाबाकीत आपण ९९ च्या पाढ्यात येऊन पडतो: ०९९, १९८, २९७ पासून ८९१ पर्यंत. नऊच संख्या, मधला अंक कायम ९. नऊ संख्या तर कच्च्या कामाच्या पानावर तपासून होतात.

माझ्या नोकरीत उत्तर मिळत नाही अशी अडचण क्वचितच येते. हजार वेळा बरोबर चाललेला प्रोग्रॅम पुढच्या वेळी चालेल कशावरून, हे मात्र रोज विचारावं लागतं. भूमितीत तरी वेगळं काय होतं? 'कोणताही त्रिकोण काढा' म्हटलं की हात समद्विभुजच काढतो. मग मध्यगा आणि शिरोलंब एकच दिसतात आणि खोटी सिद्धता सुरेख जमते. म्हणून तर बाई आधी 'पक्ष' लिहायला लावायच्या. जे दिलेलं नाही, ते वापरायचं नाही.

एकाच साच्यातली वीस उदाहरणं पोरांकडून घोटून घेणं मला पटत नाही. ती खुशाल मोबाईलला द्या. पण ज्यात मूल दोन दिवस अडकून बसलंय, ते एक उदाहरण त्याच्या हातून काढून घेऊ नका.

चार अंकांत हाच खेळ ६१७४ वर थांबतो. तिथे वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी येते. मधले अंक उडत नाहीत, म्हणून काम वाढतं. जेवणाच्या रांगेत करून बघा. मध्ये शून्य आलं तर ते गाळू नका. सात वजाबाक्यांत ६१७४ आलं नाही, तर कुठेतरी हातचा चुकलाय.